दंडाचं ऑपरेशन आणि माझे १,५४,८५० रुपये

आधीच सांगते, मी अडाणी नाही. शाळेत गणित शिकवते, घरचे हिशेब मीच पाहते. तरी फसले.

दोन वर्षांत ९४ किलोवरून ६३ वर आले. वजन गेलं, पण दंडाची कातडी तशीच लोंबत राहिली. "एवढ्यासाठी कोणी ऑपरेशन करतं का बाप्पा?" असं म्हणणाऱ्यांनी नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, कोपराखाली जाणाऱ्या बाह्यांचा ब्लाउज घालून एक दिवस काढावा.

धंतोलीत दोन प्लॅस्टिक सर्जनना रीतसर फी देऊन भेटले होते. दोघांनीही दंड चिमटीत धरून पाहिला, वजन किती महिन्यांपासून स्थिर आहे ते विचारलं, शुगरचं विचारलं. दोघांचं उत्तरही एकच. लायपोसक्शननं चरबी निघेल, लोंबणारी कातडी नाही. ती काढायची तर ब्रॅकिओप्लास्टी, आणि काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूनं व्रण राहणार. पुसट होईल, जाणार नाही. मला नेमका तो व्रणच नको होता.

मग मोबाईलवर एका क्लिनिकची जाहिरात आली. टाका नाही, व्रण नाही, त्याच दिवशी घरी. गेले. ब्लेझर घातलेली काउन्सेलर, लिंबू सरबत, दर वाक्याला 'मॅम'. आतल्या 'डॉक्टर'नं दंडाला हातसुद्धा लावला नाही. मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला, "होऊन जाईल, मुंबईचे सर्जन येतात आमच्याकडे." तिथंच उठायला हवं होतं. दोघा जाणत्यांनी तपासून जे होणार नाही म्हटलं, ते हा फोटो पाहून होईल म्हणत होता! त्याच्या डोक्यामागं फ्रेम होती, कसल्याशा एस्थेटिक कोर्सच्या प्रमाणपत्राची. मी ती वाचली होती हो. वाचून गप्प बसले, कारण तो मला हवं ते बोलत होता. अजून रात्री ती फ्रेम डोळ्यांपुढे येते.

ऑपरेशन थिएटरच्या बुकिंगचे १५,०००. तपासण्यांचे ४,८५०. उरलेले १,३५,००० 'बिनव्याजी हप्त्यांत'. फॉर्म काउन्सेलरनं माझ्याच फोनवर भरला, ओटीपी मी वाचून दाखवला. कर्ज माझ्या नावावर, पैसे थेट क्लिनिकला. मुंबईचे सर्जन तीनदा येता येता राहिले, चौथ्या तारखेला शटरला कुलूप. महिन्याला ११,२५० मात्र न चुकता कटतात. चार गेले, आठ बाकी.

एम.सीएच. किंवा डीएनबी प्लॅस्टिक सर्जरी, ही पदवी पाहा. कॉस्मेटॉलॉजिस्ट म्हणजे प्लॅस्टिक सर्जन नव्हे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. मागितल्यावर जो हसेल, त्याच्यासमोरून उठा.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. मग साहेब म्हणाले, "हे सिव्हिल मॅटर आहे, ताई." दुसऱ्या टेबलावर, "ओटीपी तुम्हीच दिला ना, मग फ्रॉड कसा?" तिसऱ्यानं माझ्या दंडांकडं पाहून विचारलं, "पण गरज काय होती?" गरज! सोनसाखळी चोरीला गेली तर सोनं घालायची गरज काय होती, असं विचारतात का हे? अर्ज घेतला, पोच दिली नाही. पुन्हा गेले तर अर्ज सापडेना. कर्जवाली कंपनी म्हणते क्लिनिकशी बोला. कुलपाशी बोलू?

आणि एक. मोबाईलवर घेतलेल्या कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून, दंड न देता बाहेर पडता येतं. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला कळला तोवर मुदत संपली होती. फोन दुसऱ्याच्या हाती देऊ नका, कर्जाचं पत्र तिथल्या तिथं उघडून वाचा.

यांना अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. १५,००० गेले एवढंच माहीत आहे.

कुलपासमोर आणखी दोघी भेटल्या, एकीच्या नवऱ्याच्या डोक्यावरच्या केसांच्या उपचाराचे पैसे अडकलेत. आम्ही तिघी मिळून जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. तुम्हीही तिथं पैसे भरले असतील, तर पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नका. माझी तपासण्यांची पावती मी रद्दीत दिली, आता ४,८५० सिद्ध करायला पॅथॉलॉजीच्या चकरा मारतेय.