लाइमच्या नावाखाली माझं एक वर्ष गेलं

सकाळी टूथपेस्टचं झाकण उघडता येईना, तिथून सगळं सुरू झालं. दोन्ही हातांची बोटं आखडलेली. तासभर गरम पाण्यात धरली की जरा सैल व्हायची. दिवसभर अंगात त्राण नसे. आदल्या वर्षी रानात फिरून आल्यावर गुडघ्यामागे चिकटलेली गोचीड मी काढून टाकली होती. ती आठवली आणि मी मनाशी ठरवूनच टाकलं, हा लाइम रोग आहे, गोचीड चावून होणारा जंतुसंसर्ग. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला. ते म्हणाले, "महिन्याने या, सांधे पुन्हा बघू." मी गेले नाही. 'जवळचे लाइम तज्ज्ञ' शोधत बसले आणि ज्या उपचार केंद्राचं नाव पहिलं आलं तिथे फोन लावला.

शिकलेली असून फसलीस कशी, असं लोक विचारतात. तर त्या केंद्रातल्या बाईंनी फोनवर पाऊण तास माझं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. किती महिन्यांत कुणी तसं ऐकलं नव्हतं. फोन ठेवला तेव्हाच माझा अर्धा निर्णय झालेला होता.

तिथे गेल्यावर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र पडद्यावर दाखवलं. तांबड्या पेशींच्या मधोमध एक बारीक दोरा वळवळत होता. "हेच ते जंतू," केंद्रातले लोक म्हणाले. मला शिसारी आली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. आज मला माहीत आहे की लाइमचे बोरेलिया जंतू रक्तात इतके विरळ असतात की अशा एका थेंबात ते सापडण्याची आशाच धरता येत नाही. काचेवर पेशी सुकायला लागल्या की त्यांच्यातून असे दोरे सुटतात. कुणाचंही रक्त ठेवा, दिसतील.

मग रक्त त्यांच्या 'खास' लॅबला गेलं आणि पॉझिटिव्ह आलं. आधीच्या निगेटिव्ह रिपोर्टचं काय? "साध्या लॅबला हे सापडत नाही." इथे मी थांबायला हवं होतं. लाइमची मान्य तपासणी दोन टप्प्यांची असते. पहिली एलायझा, ती पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तरच दुसरी, बहुधा वेस्टर्न ब्लॉट. त्यात आयजीएम आणि आयजीजी अशा दोन तऱ्हेच्या अँटीबॉडी, म्हणजे जंतूंशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं, बघतात. आयजीएमला पहिल्या महिन्याभरातच किंमत असते, त्यानंतर आयजीजी यायला हवी. माझी गोचीड चौदा महिन्यांपूर्वीची होती. रिपोर्टमध्ये नुसती आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी कोरी. त्या कागदाचा खरा अर्थ लाइम नाही, असाच निघत होता. तो कागद मी स्वतः फाइलला लावला होता.

मला जेव्हा जेव्हा शंका येई, तेव्हा केंद्रातले लोक एक गोष्ट सांगत. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या लाइम गावाच्या पॉली मरे या आईला डॉक्टरांनी वर्षानुवर्षं गंभीरपणे घेतलं नव्हतं, आणि शेवटी तीच खरी ठरली. गोष्ट खरी आहे. पण पुढचा भाग ते सांगत नसत. १९७५च्या सुमारास तिची तक्रार आरोग्य खात्यापर्यंत पोचली, डॉक्टर ॲलन स्टीअर यांनी त्या भागातले रुग्ण एकेक करून तपासले, आणि १९८२ मध्ये शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत सापडलेल्या जंतूंबद्दल प्रसिद्ध झालं. त्या आईला न्याय मिळाला तो तपासण्यामुळे. आणि माझ्याकडून तिच्या नावावर पैसे काढले, ते नेमके तपासू नये म्हणून.

सहा महिन्यांचं पॅकेज होतं, रक्कम आगाऊ. दंडातून आत नळी बसवली आणि रोज सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. शिवाय फक्त त्यांच्याकडेच मिळणाऱ्या गोळ्यांची पिशवी. मला जुलाब लागले, वजन उतरलं, बोटं आणखी सुजली. दर वेळी उत्तर एकच: "जंतू मरताहेत, म्हणून त्रास होतोय." याला ते 'हर्क्स' म्हणत. अशी प्रतिक्रिया असते, पण ती औषध सुरू केल्यावर पहिल्या चोवीस तासांत येते आणि दिवसभरात ओसरते. माझी चार महिने चालली. बरं वाटलं तर औषध लागू पडलं, बिघडलं तरी औषध लागूच पडलं. ताई एकदा चिडून म्हणाली, "अगं, मग हे औषध चुकतंय असं कधी म्हणायचं?" मी तिच्याशी दोन आठवडे बोलले नाही.

पाचव्या महिन्यात एका रात्री थंडी वाजून ताप भरला. दात वाजत होते, नळीभोवतीची कातडी लाल आणि गरम झाली होती. मी आधी केंद्राला फोन केला. "हर्क्स आहे, पाणी प्या, नळी काढू देऊ नका." ताईने फोन हातातून घेतला आणि मला रुग्णालयात नेलं. नळीतून जंतू रक्तात गेले होते. अशा लांबलेल्या लाइम उपचारांत गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या पाच रुग्णांची हकीकत अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केली आहे, त्यात मृत्यूचीही नोंद आहे. मी ती नंतर वाचली.

तिथल्या संसर्गरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि माझा हात हातात घेतला. बोटांच्या मुळाशी असलेला एकेक सांधा दोन बोटांत धरून हलकेच दाबत गेल्या. "सकाळी आखडतं ते किती वेळ?" केंद्रात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी सांगितलं की लाइमचा संधिवात बहुतेक एखाद्या मोठ्या सांध्याला धरतो, गुडघ्यालाच जास्त, आणि तेव्हा आयजीजी ठळक पॉझिटिव्ह असते. दोन्ही हातांचे बारीक सांधे हे वेगळं प्रकरण. पुढच्या तपासण्यांत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात. एक्स-रेत दोन सांध्यांचं हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं. या आजारात लवकर उपचार केले तर ही झीज पुष्कळ रोखता येते. माझे सुरुवातीचे महिने लाइमवर गेले.

लाइम झालेल्या काहींना औषधं पुरी झाल्यावरही थकवा, अंगदुखी महिनोन्‌महिने राहते. तो त्रास खरा आहे, त्याला कुणी हसू नये. पण जास्त काळ अँटिबायोटिक देऊन तो जातो का, हे २००१ मध्ये अमेरिकेत आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये तपासलं गेलं, आणि दोन्ही वेळा औषधाऐवजी दिसायला तसंच पण बिनऔषधी काही दिलेल्यांपेक्षा फारसा फरक पडला नाही.

पैसे मागितले तर केंद्राने माझ्याच सहीचा कागद दाखवला, 'उपचार प्रायोगिक स्वरूपाचे आहेत' असं बारीक अक्षरात. वैद्यक परिषदेकडे तक्रार दिली आहे. उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने दंडाचा फोटो पाठवला. आठवड्यापूर्वी गोचीड काढली होती, त्या जागी तळहाताएवढा लाल चट्टा, मध्ये फिकट. "लाइम तज्ज्ञ कोण आहे का गं जवळ?" मी म्हटलं, नेहमीच्या डॉक्टरांकडे आजच जा. असा चट्टा पसरत असेल तर रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत नाहीत, कारण अँटीबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. डॉक्टरांनी दंड बघितला, इतर आजारांची चौकशी केली आणि दहा दिवसांच्या डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या. अकराव्या दिवशी तिने दुसरा फोटो पाठवला. चट्टा कुठे होता ते शोधावं लागलं.