३१६ सांगून २०० सिरीज गळ्यात मारली, सोलापूरच्या प्रोसेसवाल्यांनो बिल नीट वाचा

लिहू का नको असं दोन महिने चाललं होतं, कारण बावीस वर्षं कॉस्टिक सोड्यात हात घालणाऱ्या माणसाला टाकी बनवणाऱ्याने स्टीलमध्ये गंडवलं, ३१६ हा भारी ग्रेड सांगून २०० सिरीजचं हलकं स्टील दिलं, हे सांगायला लाज वाटते. पण त्याच टाकीवाल्याने अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आणखी एकाला कोटेशन दिलंय असं कळलं, मग राहवलं नाही.

आमचं टॉवेलचं छोटं प्रोसेस हाऊस, जॉबवर्क. वडिलांच्या काळातली कॉस्टिकची टाकी साध्या एमएसची (माइल्ड स्टील, साधं लोखंड) होती, १४ वर्षं चालली, थंड लाय, म्हणजे कॉस्टिकचं पाणी, लोखंडाला फारशी खात नाही. पण आता आम्ही लाय ९० डिग्रीला गरम करून स्कावरिंगला, म्हणजे कपड्यातलं तेल-मेण काढायला, सोडतो, एवढ्या तापमानाला एमएस वेल्डपाशी तडकतं, वर गंज कपड्यात उतरला की पेरॉक्साइड ब्लीचमध्ये टॉवेलला बारीक भोकं पडतात. म्हणून स्टेनलेस. मी ३०४ ग्रेड मागितला होता. टाकीवाला म्हणाला, "शेट, केमिकलला ३१६ एलच घ्या, मॉली असतं त्यात." अरे मॉली (मॉलिब्डेनम) लागतं डाईंगला, तिथे मीठ पडतं आणि क्लोराइडने खड्डे पडतात. कॉस्टिकमध्ये तारतं ते निकेल. लायसाठी ३०४ आणि ३१६ मध्ये फार फरक नाही हे मला माहीत होतं, तरी भारीतलं घेऊ म्हणून मान डोलावली. ओळख दाजींची, दाजींसमोर किती प्रश्न विचारणार?

२००० लिटरची टाकी, वजन २८६ किलो, दर ३४० रुपये. मटेरियल ९७,२४०, मजुरी ३२,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,५२,५०३ रुपये. अर्धे आधी, अर्धे डिलिव्हरीला. सगळे दिले.

आता तो क्षण, रात्री झोपताना अजून डोळ्यासमोर येतो. त्याच्या शेडमध्ये पत्रे बघायला गेलो तर एका पत्र्याच्या कोपऱ्यात, बरोब्बर जिथे हीट नंबर (पत्रा भट्टीच्या कुठल्या खेपेतला तो नंबर) असतो तिथे, तळहाताएवढी जागा ग्राइंडरने घासलेली. ताजी. मी बोट फिरवलं, खरखरीत लागलं. "हे काय?" तर म्हणे, "ओरखडा होता, काढला." आणि लगेच खिशातून मॅग्नेट काढून पत्र्याला लावला. "बघा, चिकटतंय का?" नाही चिकटला. मी खूश! अहो २०० सिरीजलाही मॅग्नेट चिकटत नाही, त्यात निकेल वाचवून मँगेनीज भरलेलं असतं. मॅग्नेटवर स्टील घेणाऱ्याने गाढवावर बसावं, मी बसलोय. टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर व्हॉट्सअॅपवर झेरॉक्सचा फोटो आला, त्यावरचा हीट नंबर जुळवणार कशाशी, पत्र्यावरचा तर घासलेला.

टाकी ऑगस्टमध्ये बसली. डिसेंबरात खालच्या वेल्डला पांढरी साय धरायला लागली, मिठासारखी. पोरगा रोज पुसायचा, परत यायची. पुसताना हातमोजे घाला रे बाबांनो, तो सुकलेला कॉस्टिक असतो. मग एका रात्री तिथूनच केसाएवढी चीर उघडली. तोपर्यंत एक लॉट डागाने आणि भोकांनी गेला होता, पार्टीने ६१,४०० डेबिट टाकले, म्हणजे आमच्या पैशातून कापले.

ओळखलं कोणी तर भंगारवाल्याने! स्टील तपासायच्या लोशनचा एक थेंब टाकला, रंग बघितला आणि हसला. "मालक, हे तीनशेतलं नाही, दोनशेतलं आहे. ४८ रुपये किलो देतो." मग पुण्याला लॅबमध्ये तुकडा पाठवला, २,३६० रुपये घेतले. निकेल १.१ टक्के, मॉली जवळपास शून्य, मँगेनीज ९.२ टक्के. ३१६ ला निकेल १० ते १४ आणि मॉली २ ते ३ लागतं.

रिपोर्ट घेऊन पोलिसांत गेलो. पहिल्यांदा साहेब नाहीत. दुसऱ्यांदा साहेब गड्ड्याच्या जत्रेच्या बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा भेटले, मला उभंच ठेवलं, बिल वाचलं आणि विचारलं, "यात ३१६ कुठे लिहिलंय?" बिलावर लिहिलंय "एसएस टँक, १ नग". बस्स. ग्रेड नाही. "हा सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं, साहेब व्हॉट्सअॅपवर कोटेशन आहे, त्यात ग्रेड आहे, ही सरळ ४२० आहे. तर म्हणे, "४२० बंद झालं, आता ३१८ आहे." कलम पाठ आहे, पण अर्जावर शिक्का मारायला चौथी चक्कर! ग्राहक आयोगाकडे गेलो तर तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, कमर्शियल पर्पज, ग्राहक होत नाही. मी म्हटलं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे, त्याला कायद्यात सूट आहे, तर म्हणे ते सिद्ध करा, तुमच्याकडे कामगार किती? आठ. मग संपलं. जीएसटीवाले म्हणाले टॅक्स भरलाय ना, मग आमचा विषय नाही. म्हणजे सरकारला माझे अठरा टक्के चालतात, मी चालत नाही. वकील २५,००० मागतोय नुसती नोटीस आणि दावा टाकायला.

ग्रेड बिलावर लिहून घ्या, नाही लिहिली तर पैसे देऊ नका, दाजी असो का देव असो. धातू तपासायची गन असलेला माणूस बोलवा, जागेवर पत्र्याला गन लावली की निकेल किती ते कळतं, शेवटचा हप्ता त्यानंतरच. पत्रा कापण्याआधी हीट नंबरचा फोटो काढा. आणि त्याने मला पाइपला अॅल्युमिनियमचं कपलिंगही लावून दिलं होतं, तिसऱ्या दिवशी सोड्यासारखे बुडबुडे येऊन कुरतडलं गेलं, तेव्हाच समजायला हवं होतं की याला कॉस्टिक कशाशी खातात तेच माहीत नाही. अॅल्युमिनियम आणि जस्त लायजवळ फिरकूही देऊ नका, वर हायड्रोजन सुटतो तो वेगळाच.

टाकी अजून शेडमागे पडलीय. पंचनामा होईल, हलवू नका म्हणालेत. कोणी आलेलं नाही. भंगारवाला मात्र दर सोमवारी येऊन जातो, परवा ५० वर आलाय.