एम.ए., एम.एस्सी.साठी अमरावती, नागपूर की पुणे? गावाकडून निघण्याआधीचा हिशेब

पदवीची उन्हाळी परीक्षा संपली की वऱ्हाडातल्या आणि झाडीपट्टीतल्या घरांत एकच चर्चा सुरू होते: पुढचं शिक्षण कुठे? बहुतेक घरांत ती शहराच्या नावावरून होते. ‘पुण्याला गेला’ म्हटलं की वजन पडतं आणि ‘अमरावतीलाच आहे’ म्हटलं की नाही. दोन वर्षांच्या एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम.चा निर्णय या वजनावर घेऊ नये. तो दोन गोष्टींवर घ्यावा. तुमच्या विषयाला त्या शहरात काय मिळतं, आणि जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने घरून किती पैसे निघू शकतात.

चार महिन्यांचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथेच अडकतात. प्रवेश जून ते ऑगस्टमध्ये होतात. त्याच वेळी बियाणं, खत, निंदण-डवरण यांत घरातला रोख पैसा वावरात गेलेला असतो. सोयाबीनची सोंगणी होऊन पैसा यायला दिवाळी येते आणि कापसाचे चुकारे त्याच्याही नंतर. शिष्यवृत्ती आणि निवास भत्त्याची रक्कम पहिल्या सत्रात हातात पडेल असं धरून चालू नये. म्हणजे वर्षाचा खर्च परवडत असला तरी पहिले चार महिने परवडतीलच असं नाही.

खालचा हिशेब खोली वाटून घेणाऱ्या, दोन वेळची मेस लावणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. कॉलेजची फी यात धरलेली नाही. आकडे ढोबळ आहेत. तुमच्या वस्तीचा खरा भाव काढा आणि बेरीज स्वतः करा.

| बाब | अमरावती | नागपूर | पुणे |
|---|---|---|---|
| पहिल्या महिन्याचा किराया | २,००० | २,५०० | ४,५०० |
| डिपॉझिट | २,००० | २,५०० | ९,००० |
| मेस | २,५०० | २,८०० | ३,५०० |
| गादी, बादली, भाडेकरारातला वाटा इ. | १,००० | १,५०० | ३,२०० |
| जाणं-येणं (सोबत घरचं एक माणूस) | ३०० | ६०० | २,००० |
| पहिला महिना | ७,८०० | ९,९०० | २२,२०० |
| नंतर दरमहा (शहरातला प्रवास, झेरॉक्स, मोबाइल धरून) | ५,८०० | ६,८०० | ९,८०० |
| ऑक्टोबरअखेर एकूण | २५,२०० | ३०,३०० | ५१,६०० |

अमरावती आणि नागपुरात चार महिन्यांचा फरक पाच हजारांचा. नागपूर आणि पुण्यात तो एकवीस हजारांवर जातो, आणि त्यातले बारा हजार पहिल्याच महिन्यात लागतात. पुण्याचं डिपॉझिट नंतर परत मिळतं हे खरं, पण पेरणीच्या दिवसांत ते काढायचं कुठून हा प्रश्न उरतोच. सावकाराकडून किंवा कृषी केंद्राच्या उधारीतून ही सोय करणार असाल तर पुण्याच्या खर्चात त्याचं व्याजही धरा.

योजनेचे पैसे धरले की चित्र बदलतं

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् आणि इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या तिन्ही योजनांत शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना वर्षाला ठरावीक रक्कम मिळते. मुंबई, पुणे आणि नागपूर एकाच गटात आहेत: वर्षाला ६०,००० रुपये. अमरावतीसारख्या महसूल विभागाच्या शहरांत ५१,०००, आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,०००.

आता वरच्या दरमहा आकड्याला शैक्षणिक वर्षाच्या दहा महिन्यांनी गुणा. अमरावतीत ५८,००० लागतात आणि ५१,००० मिळतात, तूट ७,०००. नागपुरात ६८,००० लागतात आणि ६०,००० मिळतात, तूट ८,०००. पुण्यात ९८,००० लागतात आणि मिळतात तेवढेच ६०,०००, तूट ३८,०००. थोडक्यात, योजनेत बसणाऱ्या मुलामुलींसाठी अमरावती आणि नागपूर यांच्यात पैशाचा फरक जवळपास राहत नाही. खर्च वाचतो एवढ्याच कारणासाठी जवळचं शहर घेत असाल, तर हा गुणाकार एकदा करा. योजनेत न बसणाऱ्यांना मात्र अमरावती दरमहा हजाराने स्वस्त पडते.

या योजनांत अर्ज अडकतो तो बहुधा चार ठिकाणी. पहिलं, वसतिगृहाचा अर्ज आधी भरलेला नसतो. वसतिगृहात नंबर लागणार नाही अशी खात्री असली तरी तो अर्ज भराच. दुसरं, राहण्याचा पुरावा. पुण्यात ११ महिन्यांचा नोंदणी केलेला भाडेकरार सहसा होतोच. नागपूर-अमरावतीत बरेच घरमालक तोंडी व्यवहारावर खोली देतात आणि कागदाला नाही म्हणतात. खोली पक्की करतानाच ‘करारनामा करून देणार का’ हे विचारा, नंतर विचारून उपयोग होत नाही. तिसरं, आधार. विद्यार्थी त्या शहरातला स्थानिक रहिवासी नसावा अशी अट आहे. म्हणून सिम किंवा गॅससाठी आधारवरचा गावचा पत्ता बदलून शहरातला टाकू नका. शिवाय रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच येते. ते खातं कोणतं हे बँकेत जाऊन तपासा. पुष्कळदा ते शाळेत असताना काढलेलं, आता बंद पडलेलं खातं निघतं. चौथं, हजेरी. ७५ टक्के लागते.

खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. साध्या एम.ए., एम.एस्सी.च्या हिशेबात तो धरू नका. एम.बी.ए., एम.सी.ए.सारख्या अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल घटक, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर ही माफी जाते.

विषय काय सांगतो

इथे सरसकट उत्तर नाही आणि पुण्याचं पारडं काही विषयांत खरोखर जड आहे. भाषाशास्त्र किंवा पुरातत्त्व घ्यायचं तर डेक्कन कॉलेज, अर्थशास्त्रात संशोधनाकडे जायचं तर १९३० पासूनची गोखले संस्था, खगोलशास्त्राची ओढ असेल तर आयुका आणि एनसीआरए, रसायनशास्त्रात प्रयोगशाळेचं काम हवं तर एनसीएल. या संस्थांची ग्रंथालयं, व्याख्यानं आणि प्रकल्प पुण्यात राहणाऱ्यालाच नीट मिळतात. अशा विषयासाठी तुटीचे ३८,००० शोधावेत, कर्ज काढावं लागलं तरी विचार करावा.

पण भूगर्भशास्त्र, पर्यावरण, कृषीशी लागून असलेलं वनस्पतिशास्त्र किंवा माती-पाण्याचा अभ्यास असेल तर नागपूर सोडून पुण्याला जाण्यात अर्थ नाही. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था नागपुरात, केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात, भारतीय खाण ब्युरो, मॉइल (मँगनीज) आणि वेस्टर्न कोलफील्ड्स (कोळसा) यांची मुख्यालयं नागपुरात. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आणि लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था तर विद्यापीठाच्या परिसराप्रमाणेच अमरावती रोडवर. भंडाऱ्याच्या मँगनीज खाणी आणि चंद्रपूरचा कोळसा सकाळी निघून बघून येता येतो.

याचं महत्त्व २०२३-२४ पासून वाढलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदव्युत्तर पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) किंवा फील्ड प्रोजेक्टचे ४ क्रेडिट आहेत, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष काम. ते कुठे करायचं हे शोधणं बहुतेक वेळा विद्यार्थ्यावरच येतं. ज्या शहरात तुमच्या विषयाची संस्था नाही, तिथे हे १२० तास कुठल्या तरी दुकानात सही-शिक्क्यापुरते उरतात. शहर ठरवण्याआधी त्या विभागातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एकच विचारा: तुम्ही ओजेटी कुठे केली?

अमरावतीला कमी लेखू नका. शारीरिक शिक्षणात श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखं ठिकाण पुण्या-मुंबईहून मुलं येतात असं आहे. प्राणिशास्त्र, समाजकार्य, समाजशास्त्र यांना मेळघाट हाताशी. १९२३ पासूनची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था विज्ञानासाठी आजही भरवशाची. मराठी घेणाऱ्यांना आता मोर्शी तालुक्यात रिद्धपूरचं मराठी भाषा विद्यापीठही आहे. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र, वाणिज्य यांत एम.ए., एम.कॉम. करून प्राध्यापकपदाच्या पात्रतेची नेट-सेट परीक्षा द्यायची असेल, तर तीन शहरांतल्या शिकवण्यात जो फरक असेल तो रोज अभ्यासिकेत बसून भरून काढता येतो. वाचलेल्या पैशांत पुस्तकं घ्या.

एमपीएससीसाठी पुण्याला जायचं आणि नावापुरता एम.ए.ला प्रवेश घ्यायचा, हा बेत फार चालतो. त्यात भत्त्याची ७५ टक्के हजेरी आणि दिवसभराची अभ्यासिका यांचं जमत नाही. एक सुटतं, आणि सुटतं ते बहुधा एम.ए.. तयारीच करायची असेल तर ती तयारी म्हणूनच घरी मांडा आणि तिचा वेगळा हिशेब करा.

जाणं-येणं

नागपूर किंवा अमरावतीहून सोंगणीला दोन दिवस गावी येता येतं, आजारी आईला बघून परत जाता येतं. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींना महिन्यातून दोनदा घरी येणंही झेपतं. ही सवलत रेल्वेत आणि खासगी ट्रॅव्हल्समध्ये नाही.

पुण्याला महाराष्ट्र एक्सप्रेस, आझाद हिंद आणि ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत आहे. वंदे भारतला बारा तास लागतात आणि तिचं भाडं विद्यार्थ्याच्या खिशाचं नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीचं तिकीट काढायचं तर तारीख ऑगस्टमध्येच मोजून ठेवा, नाहीतर ट्रॅव्हल्सवाले मागतील ते द्यावं लागतं. यवतमाळकडच्यांना आधी धामणगाव, बडनेरा किंवा वर्धा गाठावं लागतं, तो अर्धा दिवस वेगळा.

बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागाचं गणित मात्र उलटं आहे. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली इथून जालना जवळ, पुढे संभाजीनगरमार्गे पुण्याची वाट सरळ. त्यांना नागपूर काही फार जवळ पडत नाही. त्यांनी पुण्याच्या जोडीला संभाजीनगरचं विद्यापीठही तुलनेत घ्यावं.

खोली आणि मेस

नागपुरात विद्यापीठाच्या परिसराजवळ भरतनगर, रविनगर, फुटाळा, पांढराबोडी, आणि थोडं लांब चालत असेल तर दाभा, वाडी. मेट्रोचा थांबा परिसराच्या दारात नाही, त्यामुळे ‘मेट्रोजवळ’ या शब्दाला जास्त किराया देऊ नका. वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची खोली जुलैत स्वस्त वाटते आणि एप्रिल-मेमध्ये, नेमकी परीक्षेच्या दिवसांत, तिथे बसवत नाही. कूलर कोणाचा, विजेचं मीटर वेगळं आहे का, युनिटमागे घरमालक किती घेतो आणि उन्हाळ्यात कूलरला पाणी पुरतं का, हे जुलैतच विचारायचं.

पुण्यात खोलीऐवजी ‘कॉट बेसिस’ मिळतं: एका खोलीत तीन-चार कॉट, एक तुमची. विद्यापीठासाठी बोपोडी, खडकी, सांगवी, पाषाण बघा. औंध-बाणेर महाग आहे. एजंटामार्फत गेलात तर त्याची दलाली वरच्या तक्त्यात मिळवा. डिपॉझिट रोख देऊ नका आणि सोडताना किती महिने आधी सांगायचं हे करारात वाचून घ्या, डिपॉझिट बुडतं ते तिथेच.

मेस तिन्ही शहरांत बहुधा रविवारी रात्री बंद असते. खाडे कसे धरतात हे पैसे भरण्याआधी ठरवा. काही ठिकाणी सलग तीन-चार दिवस गैरहजर राहिलं तरच कापतात, काही ठिकाणी कापतच नाहीत. गावी वारंवार जाणाऱ्याला यात महिन्याला पाच-सहाशे रुपयांचा फरक पडतो. मुलींच्या वसतिगृहात गेट किती वाजता बंद होतं ते प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाच्या वेळेशी ताडून बघा. गेट सातला आणि प्रॅक्टिकल साडेसहापर्यंत असेल तर ती जागा कितीही चांगली असली तरी चालणार नाही.

कागद

विद्यापीठ बदलत असाल तर जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. यवतमाळ, वाशीमचा विद्यार्थी नागपूरला गेला तरी विद्यापीठ बदलतं, कारण ते जिल्हे अमरावती विद्यापीठात आहेत, आणि गडचिरोली-चंद्रपूर गोंडवाना विद्यापीठात. प्रवेश आधी तात्पुरता होतो आणि मायग्रेशन दिल्यावर पक्का. ते दिलं नाही तर परीक्षेचा अर्ज अडतो. कॉलेजची टीसी मूळ प्रत एकदाच मिळते. दोन ठिकाणी प्रवेशाची आशा असेल तर जिथे नक्की राहणार तिथेच ती द्या, कारण परत मिळवताना प्रवेश रद्द करण्याचा अर्ज, कपात आणि आठवडाभराचे हेलपाटे होतात. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. मुदत संपलेला दाखला घेऊन जुलैत पुण्याला पोहोचलात तर नव्यासाठी तहसीललाच परत यावं लागेल. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर दोन्ही मे महिन्यात, सेतू केंद्रावर गर्दी होण्याआधी काढून ठेवा, आणि प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स गावातच करून न्या.