मुलाखत फारच सोपी गेली तर जपून: प्रोजेक्ट मॅनेजरच्या नोकरीतली फसवणूक

'घरबसल्या रोज तीन हजार कमवा' असली जाहिरात प्रोजेक्ट मॅनेजरवर चालत नाही. ठाणे-नवी मुंबईत ही नोकरी शोधणारा माणूस बारा-पंधरा वर्षं काम केलेला, घोडबंदरला नाहीतर खारघरला फ्लॅटचा हप्ता भरणारा, स्वतः करार वाचणारा असतो. त्यामुळे त्याच्यासाठी सगळं रीतसर मांडलं जातं. नामांकित कंपनीच्या नावाने ईमेल, व्हिडिओ कॉलवर मुलाखत, पगाराची फोड केलेलं ऑफर लेटर, आणि पैशाची मागणी सगळ्यात शेवटी. 'रजिस्ट्रेशन फी' हा शब्द कुणी काढत नाही. काढला तर उमेदवार उठून जाईल, हे त्यांनाही कळतं.

पैसे मागितले की फसवणूक, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरीही माणसं अडकतात, कारण मागणी येईपर्यंत ती मनाने रुजू झालेली असतात. घरी सांगून झालेलं असतं, कधी कधी राजीनामाही दिलेला असतो. तेव्हा पारख करायची ती मुलाखतीतच.

खोटी मुलाखत साधारण वीस मिनिटांत आटोपते. समोरच्याचा कॅमेरा 'नेटवर्कमुळे' बंद. स्वतःबद्दल सांगा, अजाइल आणि वॉटरफॉल (प्रोजेक्ट चालवण्याच्या दोन पद्धती) यांत फरक काय, टीममध्ये भांडण झालं तर काय कराल, सध्याचा पगार किती, कधी जॉइन व्हाल. उत्तर काहीही द्या, पलीकडून 'ग्रेट, ग्रेट'. एकाही उत्तरावर उलटा प्रश्न येत नाही, कारण विचारणाऱ्याला विषयच येत नसतो, तो समोरचा कागद वाचत असतो. तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदन, आणि मागितल्यापेक्षा जास्त पगार.

खऱ्या मुलाखतीत इतक्या सहज सुटका होत नाही. बांधकामातली जागा असेल तर असा प्रश्न येतो: २२ मजली टॉवर, स्लॅब सायकल (एका मजल्याच्या स्लॅबपासून पुढच्या मजल्याच्या स्लॅबपर्यंतचा वेळ) १० दिवसांची धरली होती, प्रत्यक्षात १४ लागतायत, काय करणार? २२ गुणिले ४ म्हणजे ८८ दिवस, जवळपास तीन महिने उशीर. शटरिंगचा (काँक्रीट ओतायच्या साच्याचा) आणखी एक सेट आणू म्हणालात की लगेच पुढचा: त्याचा खर्च कुणाच्या माथी? अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा सांभाळून आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या कशा आणणार? उशीर क्लायंटच्या ड्रॉइंगमुळे झाला असेल तर मुदतवाढीचं पत्र कधी दिलं? आयटीत हेच आकड्यांवर येतं. बजेट २ कोटी, आजवर ८० लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालंय ६० लाखांचं, खर्च ७५ लाख. सीपीआय (झालेलं काम भागिले खर्च) ०.८, एसपीआय (झालेलं काम भागिले ठरलेलं काम) ०.७५, आणि याच चालीने शेवटचा खर्च अडीच कोटी. हे सांगून झालं की समोरचा विचारतो, 'वरचे पन्नास लाख स्पॉन्सरला कसे सांगाल?' घाम फुटला तर तो चांगला शकुन समजा.

समोरचा प्रश्न विचारत नसेल तर आपण विचारावेत. प्रोजेक्ट सध्या कुठल्या टप्प्यावर आहे? करार आयटम रेटचा (प्रत्येक बाबीचा वेगळा दर) की लम्पसम (सगळ्या कामाची एकच रक्कम)? आधीचा मॅनेजर का गेला? रिपोर्टिंग कुणाला? 'ते जॉइनिंगनंतर कळेल' एवढंच उत्तर मिळालं तर पुढे जाऊ नका. बिल्डरकडची जागा असेल तर प्रोजेक्टचं नाव विचारून महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) साइटवर शोधा. तिथे प्रवर्तकाचं नाव, पत्ता आणि पूर्ण होण्याची तारीख मिळते. मुलाखतीत पाया खणायचं काम चालू आहे सांगितलं आणि साइटवर इमारत पूर्ण झालेली दिसली, तर आणखी काही तपासायची गरज नाही.

आता ऑफर लेटर. आकडा बघून हुरळून जाण्याआधी पगाराची फोड वाचावी, चोरी तिथे पकडता येते. महाराष्ट्रात या पगाराच्या माणसाचा व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. खोट्या पत्रात बाराही महिने २५० असतात, नाहीतर थेट ५००. पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के, किंवा १५,००० च्या मर्यादेवर १,८००. पत्रात मूळ पगार ६०,००० आणि पीएफ ४,५०० दिसला तर हे पत्र पगार काढणाऱ्या माणसाने केलेलं नाही. उमेदवाराचं नाव आणि पगार यांचा फॉन्ट बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित वेगळा दिसतो, गोल शिक्का मोठा करून पाहिला की कडा फाटलेल्या दिसतात.

कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे लेटरहेडवर नोंदणीकृत पत्ता, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन आणि ईमेल छापलेले असायला हवेत. सीआयएन २१ अक्षर-अंकांचा असतो: पहिलं अक्षर एल किंवा यू, मग उद्योगाचे ५ अंक, राज्याची २ अक्षरं, स्थापनेचं वर्ष, प्रकाराची ३ अक्षरं आणि शेवटी ६ अंकी नोंदणी क्रमांक. 'पंचवीस वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्या कंपनीच्या सीआयएनमध्ये २०२४ असेल तर खुलासा मागावा. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर तो क्रमांक टाकला की कंपनी चालू आहे की नोंदवहीतून काढून टाकलेली, ते दिसतं. त्याहून उपयोगी ईपीएफओचा, म्हणजे पीएफ संघटनेच्या साइटवरचा, आस्थापना शोध. तिथे कंपनीच्या नावावर दर महिन्याला किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला ते दिसतं. 'आमच्याकडे चारशे लोक' म्हणणाऱ्यांनी सहाच जणांचा भरला असेल तर बोलणंच खुंटलं.

अर्थात खऱ्या कंपनीचा सीआयएन उचलून स्वतःच्या पत्रावर चिकटवणं अवघड नाही, आणि बहुतेक वेळा तसंच होतं. म्हणून ईमेलचा पत्ता अक्षर-अक्षर वाचा. इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी-शेजारी ठेवले की मोबाइलवर फरक कळत नाही. कंपनीच्या नावापुढे 'करिअर्स' किंवा 'एचआर' जोडलेलं वेगळंच डोमेन असतं. हूइजवर (डोमेन कधी घेतलं ते दाखवणाऱ्या नोंदीत) पाहिलं तर ते गेल्याच महिन्यात घेतलेलं निघतं. मेलमधल्या नंबरावर फोन करून खात्री करू नये, तो त्यांचाच माणूस उचलतो. कंपनीच्या मूळ साइटवरचा बोर्डाचा (स्विचबोर्डचा) नंबर लावून एचआरला पत्राचा संदर्भ क्रमांक सांगावा.

पैसे कोणत्या नावाखाली जातात? बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन (पहिल्या पगारात परत), लॅपटॉपचं डिपॉझिट, मेडिकल, आणि या पदासाठी खास म्हणजे पीएमपी, पीएमआय या संस्थेचं प्रोजेक्ट मॅनेजरसाठीचं प्रमाणपत्र. 'क्लायंटला पीएमपी झालेलाच मॅनेजर हवा, आमच्या पार्टनरकडून आठवड्यात करून देतो.' हे होतच नाही. पीएमपीसाठी पदवीधराला ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, नंतर दर ३ वर्षांनी ६० पीडीयू (व्यावसायिक शिक्षणाचे गुण) भरून नूतनीकरण. परीक्षेची फी उमेदवार स्वतःच्या खात्यातून थेट पीएमआयला भरतो, मधल्या कुणाला नाही. कुणी 'आमचा माणूस स्क्रीन शेअर करून सोडवेल' म्हणालं तर पैसे जातील, वर पीएमआयकडून बंदी येईल ती वेगळीच.

सगळ्यात महागात पडतो तो नोटीस पिरियड. तुमची नव्वद दिवसांची नोटीस आम्ही विकत घेतो, तुम्ही आधी भरा, जॉइन झाल्यावर देतो, असं सांगतात. माणूस जुन्या कंपनीत पैसे भरून मोकळा होतो आणि पंधरा दिवसांनी नवा एचआर फोन उचलत नाही. बायआउटची रक्कम आणि परतफेडीची तारीख ऑफर लेटरमध्येच असावी, आणि कंपनीच्या बोर्डाच्या नंबरावरून खात्री होईपर्यंत राजीनामा देऊ नये.

यूपीआय करताना पिन टाकण्याआधी बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. कंपनीला पैसे पाठवतोय आणि नाव एखाद्या व्यक्तीचं, तर तिथेच थांबा. कन्सल्टन्सीने १८ टक्के जीएसटी लावलेलं बिल दिलं तर जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) वाचा. १५ पैकी पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढचे दहा म्हणजे पॅन. जीएसटीआयएनच्या सहाव्या जागी सी असेल तर कंपनी, एफ असेल तर फर्म, पी असेल तर एकटा माणूस. 'प्रायव्हेट लिमिटेड'च्या बिलावर तिथे पी दिसला की समजा.

दुसरी फसवणूक बिनपैशाची आहे, म्हणून तिची तक्रार होत नाही. 'केस स्टडी' म्हणून ड्रॉइंग आणि बीओक्यू (कामाच्या बाबी आणि परिमाणांची यादी) पाठवतात. तीन दिवसांत रेट अ‍ॅनालिसिस, प्रायमाव्हेरा सॉफ्टवेअरमधलं शेड्यूल, मनुष्यबळाचा तक्ता आणि रिस्क रजिस्टर (जोखमींची यादी) मागतात. पाच उमेदवारांकडून पाच भाग करून घेतले की एका टेंडरचं काम फुकटात झालं. मुलाखत होते, निकाल येत नाही. खऱ्या चाचणीत माहिती काल्पनिक असते, काम एक-दोन तासांचं असतं, आणि नंतर समोर बसवून त्यावर प्रश्न विचारतात. खोट्यात फाइल उघडता-बदलता येईल अशीच हवी असते: एक्सईआर किंवा एमपीपी (शेड्यूलच्या मूळ फाइल), सूत्रांसकट एक्सेल. कामाचं नाव सरकारी वाटलं तर राज्य सरकारच्या महाटेंडर्स या टेंडर पोर्टलवर शोधावं. तुमची केस स्टडी द्यायची तारीख आणि टेंडरची शेवटची तारीख यांत दोन दिवसांचंच अंतर निघालं तर कारण उघड आहे. द्यायचंच असेल तर वॉटरमार्क घातलेली पीडीएफ द्या, एकाच टप्प्याचं शेड्यूल करा, दराचा रकाना रिकामा ठेवा आणि 'दर चर्चेत सांगेन' लिहा. खरा मालक याला हरकत घेत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. ऑफर पक्की होण्याआधी आधार, पॅन, कॅन्सल चेक आणि सेल्फी व्हिडिओ एकत्र देऊ नका, एवढ्यात कर्ज निघू शकतं. आधार द्यायचंच झालं तर मास्क केलेलं (शेवटचे चारच अंक दिसणारं). दिलेलं असेल तर क्रेडिट रिपोर्ट काढून बघा, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

वाशी, बेलापूर, महापे, वागळे इस्टेट इथे तासावर केबिन भाड्याने मिळते, त्यामुळे 'ऑफिसात जाऊन आलो' हा पुरावा धरू नये. दारावर देवनागरी पाटी आहे का, बाहेर नोंदणीकृत पत्ता लावलाय का, लॉबीतल्या फलकावर नाव आहे का हे बघावं. वॉचमनला 'ही कंपनी इथे कधीपासून?' एवढं विचारलं तरी बरंच कळतं. आखाती देशातली जागा असेल तर एजंट ई-मायग्रेटवर (परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवर) नोंदलेला हवा. त्याला घेता येणारं कमाल सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. दोन लाख मागणाऱ्याशी घासाघीस करत बसू नये.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मित्रांना नंतर. यूपीआयचा १२ अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक), रक्कम, वेळ आणि आपल्या बँकेचं नाव हाताशी ठेवा. पुढच्या खात्यातून पैसे निघायच्या आत तक्रार पोचली तर ते गोठवता येतात, म्हणून इथे मिनिटं मोजावी लागतात. सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवून पावती क्रमांक घ्या. चॅट डिलीट करू नका, ईमेल फॉरवर्ड करण्याऐवजी हेडरसकट मूळ फाइल जपा. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड खाली येतो.

पोलीस ठाण्यात हद्दीचा घोळ ठरलेला. ऐरोली, रबाळे ठाणे जिल्ह्यात असले तरी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतात. कळवा, मुंब्रा, डोंबिवली ठाणे आयुक्तालयात. राहायला डोंबिवलीत, मुलाखत बेलापूरला, पैसे गेले भलत्याच राज्यातल्या खात्यात, असं असलं की एकमेकांकडे बोट दाखवलं जातं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, तीच झिरो एफआयआर. ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.