टायगर आय डायलचं चावीचं घड्याळ: सोलापुरात आठ महिने वापरल्यावर

दिवाळीत घेतलेलं हे घड्याळ आठ महिने जवळजवळ रोज मनगटावर आहे. ओमेगा डी व्हिल, सत्तरच्या दशकातलं, चावीचं, सोन्याचा मुलामा दिलेली केस आणि टायगर आय दगडाची डायल. सव्वा लाखाच्या आसपास पडलं. माझ्या लेखी त्यातले निम्म्याहून जास्त पैसे त्या दगडाचे. मशीन दुरुस्त होतं, काच बदलता येते, मुलामा पुन्हा चढवता येतो. दगड तडकला की संपलं.

पहिल्या खरेदीच्या वेळी हे कळत नव्हतं. तेव्हा ऑनलाइन फोटो पाहून मॅलाकाइट या हिरव्या दगडाच्या डायलचं एक मागवलं होतं. हिरवे पट्टे इतके सुरेख की कधी हातात येतं असं झालं होतं. आल्यावर भिंगाखाली धरलं, तर पट्ट्यांच्या कडा बारीक ठिपक्यांच्या. म्हणजे छपाई, वरून लॅकर. विकणाऱ्याने निम्मेच पैसे परत केले, तेही तीन महिने फोन केल्यावर.

आमचा टॉवेलचा कारखाना आहे. तपासणीच्या टेबलावर कापडावर दिवा बाजूने, तिरपा पाडतात, मग सुटलेला धागा उठून दिसतो. हे ओमेगा घेताना मी डायलला तेच केलं. मोबाईलची टॉर्च कडेने धरली आणि घड्याळ हळूहळू गोल फिरवलं. दगडातली नैसर्गिक रेघ आतच राहते, भेगेची कड मात्र एका कोनात लख्खकन चमकते. सगळ्यात आधी मधलं भोक बघायचं, जिथून काटे वर येतात. तारखेची खिडकी असेल तर तिचे कोपरे. दगड तिथे कापलेला असतो, म्हणून भेग बहुधा तिथूनच निघते. बिनतारखेचं घड्याळ मी मुद्दाम निवडलं.

ही दगडाची चकती अगदी पातळ असते आणि पितळेच्या प्लेटवर चिकटवलेली असते. तरी साध्या डायलपेक्षा ती जास्त जागा खाते. म्हणून या विषयात पियाजे या स्विस घड्याळ कंपनीचं नाव आधी घ्यावं लागतं. त्यांनी १९५७ मध्ये ९पी हे अवघ्या २ मिलीमीटर जाडीचं मशीन आणलं. मशीनने जागा सोडली, ती दगडाला मिळाली. साठच्या दशकात त्यांच्या लॅपिस, मॅलाकाइट, ऑनिक्स, टायगर आयच्या डायल आल्या. पुढे रोलेक्सच्या डे-डेटमध्येही दगड बसले. ते माझ्या आवाक्यातलं नाही, पण कोणी दाखवलं तर तासभर बघत बसेन.

सुरुवातीला घड्याळ दिवसाला चाळीस सेकंद पुढे जायचं. नवी पेठेतल्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं. मागचं झाकण उघडून ते म्हणाले, "मशीन धुऊन देतो, त्याची काळजी नको. पण डायल उतरवताना तुम्ही समोर बसा." बसलो. काटे काढताना त्यांनी दगडावर पातळ प्लास्टिक ठेवलं आणि दोन्ही बाजूंनी सारखाच जोर दिला. दोघंही बोलत नव्हतो. साडेतीन हजार घेतले. आता दिवसाला दहा-बारा सेकंद पुढे असतं. पन्नास वर्षांच्या मशीनकडून मला एवढं पुरे.

टायगर आयचं खरं सुख उन्हात. दगडात समांतर तंतूंसारखी रचना असते, त्यामुळे हात वळवला की उजेडाचा सोनेरी पट्टा डायलभर सरकतो. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांची मिरवणूक बघत उभे होतो. बाराबंदी घातलेला मावसभाऊ एकदम म्हणाला, "दादा, डायल तडकली की तुझी!" मी मनगट वळवलं, रेघ बाजूला सरकली. मग बराच वेळ तो माझाच हात इकडेतिकडे फिरवत बसला.

तक्रार एकच, आणि ती रोजची आहे. संध्याकाळी वेळ पटकन दिसत नाही. आकडे नाहीत, सेकंदकाटा नाही, सोनेरी काटे तपकिरी-सोनेरी दगडात हरवतात. खिडकीकडे वळून बघावं लागतं.

उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर गेला तेव्हा ते गाडीत एकदाही ठेवलं नाही. पितळ आणि दगड उष्णतेने सारखे फुगत नाहीत, आणि मधला चिकटवलेला थर जुना आहे. घामामुळे चामड्याचे दोन पट्टे आलटून पालटून वापरले. मागांच्या शेडमध्ये जाताना घड्याळ काढून ठेवतो, कापसाची भुकटी आणि मागाचा दणका दोन्ही नको. पाण्यापासून तर लांबच.

पहिलंच घेत असाल तर टायगर आय किंवा ऑनिक्स बघा. दोन्ही क्वार्ट्झच्या कुळातले, कठीणपणाच्या मोजपट्टीवर ७ च्या जवळपास. मॅलाकाइट ३.५ ते ४ वरच येतं आणि आम्लही सोसत नाही. काळं ऑनिक्स बहुतेक रंगवलेलंच असतं. ती फसवणूक समजू नका, जुनी रीत आहे.

आता मी लॅपिस बघतोय, निळ्यात पायराइटचे सोनेरी ठिपके असलेलं. एक समोर आलंय, पण फोटोत नेमकी मधल्या भोकाजवळ काट्यांची सावली पडलीय. काटे फिरवून, बाजूने टॉर्च मारून व्हिडिओ पाठवा, असं कळवलंय. तो बघितल्याशिवाय पैसे सोडणार नाही.