अडीनडीसाठी घेतलेलं सोनं, चांदी आणि तांबं: वर्ष उलटल्यानंतरचा अनुभव

आम्ही सांगलीत नदीपासून फार लांब नाही राहत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. वीज, एटीएम, मोबाइलची रेंज, सगळं एकदम जातं हे दोनदा पाहिल्यावर घरात थोडा धातू साठवायचा असं आम्ही ठरवलं. सोन्याची छोटी वेढणी (साध्या गोल अंगठ्या), दहा ग्रॅमची चांदीची नाणी, चांदीची एक लगड (ठोकळा) आणि तांब्या-पितळेची भांडी घेतली. यातलं काही मोडलं, काही तारण ठेवलं, काही नुसतं जपलं. जे कळलं ते लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. पाणी चढलेलं असतं तेव्हा धातू काही कामाचा नाही. २०१९ ला आमच्या गल्लीत अदलाबदल झाली ती पाण्याचे कॅन, मेणबत्त्या, दूध पावडर, बीपीच्या गोळ्या यांची. चांदीचं नाणं पुढे केलं असतं तर घेणाऱ्याने ते तोलायचं कशावर आणि त्याचा भाव विचारायचा कुणाला? त्यामुळे वस्तुविनिमयासाठी चांदी ठेवा असा सल्ला कुणी दिला, तर आधी तांदूळ, डाळ, प्यायचं पाणी, औषधं आणि दहा-वीस-पन्नासच्या नोटा ठेवा. धातूची वेळ येते पाणी ओसरल्यावर, दुकानात माल भरायचा असतो आणि पंचनाम्याचे पैसे अजून आलेले नसतात तेव्हा.

त्या वेळेसाठी वेढणी सगळ्यात उपयोगी ठरली. साधं, नक्षी नसलेलं, २२ कॅरेटचं वेढणं घेतलं की घडणावळ नाममात्र लागते आणि मोडताना घटही कमी येते. नक्षीच्या दागिन्याची घडणावळ मोडताना परत मिळत नाही, खरेदीवरचा तीन टक्के जीएसटीही मिळत नाही. हॉलमार्कवर '२२के९१६' आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक, असतो. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला त्याशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, दुकानातच. मी वेढणं मोडायला नेलं ते जिथून घेतलं त्याच पेढीवर, पावतीसकट. कसाची खळखळ झाली नाही, पैसे त्याच दिवशी खात्यात आले. दुसऱ्या एका दुकानात नुसती चौकशी केली तर 'आमचा माल नाही, वितळवून बघावा लागेल' असं सांगितलं आणि भावही कमी धरला. म्हणून अडचणीसाठी घ्यायचं ते पाच ठिकाणांहून न घेता ओळखीच्या एकाच सराफाकडून घ्यावं, असं माझं ठाम मत झालंय.

मोडण्यापेक्षा तारण बरं, हेही या वर्षात पटलं. घरात दवाखान्याचा खर्च निघाला तेव्हा एक वेढणं आणि बांगड्या बँकेत ठेवल्या आणि दुपारच्या आत काम झालं. चांदीची लगड मात्र त्या शाखेने हातातही घेतली नाही. नंतर नियम वाचले. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणायच्या नियमांत चांदीचे दागिने आणि नाणी तारण चालतात. पण सोन्याची बिस्किटं आणि चांदीच्या लगडी चालत नाहीत. नाण्यांना मर्यादा आहे: सोन्याची ५० ग्रॅम, चांदीची ५०० ग्रॅम. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. म्हणजे स्वस्त पडते म्हणून घेतलेली लगड तारणाच्या कामाची नाही, ती विकावीच लागते. पुढे मी लगड घेणार नाही.

चांदीबद्दल माझं मत मिश्र आहे. भाव चढला तेव्हा आनंद झाला, पण भाव म्हणजे हातात येणारी रक्कम नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीच्या तोंडावर देशभर चांदीची टंचाई झाली, काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या फंडांत नवे पैसे घेणं थांबवलं, दुकानांत नाण्यांवर वरचे पैसे मागत होते. दिवाळी सरली आणि भाव खाली आला. ज्यांनी त्या आठवड्यात घाईने घेतली, त्यांना वाईट वाटलं असणार. शिवाय चांदीला जागा फार लागते. लक्ष्मीच्या छापाच्या, डबीतल्या नाण्यांवर घेताना जास्त पैसे जातात आणि विकताना धरलं जातं फक्त वजन. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात हुपरी आहे, तिथल्या पैंजणांचं काम देखणं असतं, ते हौसेने घ्यावं. संकटासाठी साधं ९९९ शुद्धतेचं नाणंच बरं.

पारख घरी करता येते. छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. दहा ग्रॅमचं नाणं दोऱ्याने बांधून वाटीच्या तळाला आणि कडेला न लागता पाण्यात बुडेल असं अलगद धरा. काट्यावर ०.९५ च्या आसपास आकडा आला तर घनता १०.५ च्या जवळ, म्हणजे चांदीची. जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, चांदी नसलेला मिश्रधातू) असेल तर आकडा १.१ च्या पुढे जातो. सोन्याला ही खात्री पुरत नाही, कारण टंगस्टनची घनता सोन्याच्या अगदी जवळची आहे. तिथे हॉलमार्क आणि सराफाचं मशीनच हवं.

नाण्यांना रबर लावून ठेवू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. काळी झालीच तर ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घाला. घासून चकाकी आणायला गेलात तर वजन झिजतं.

तांब्या-पितळेच्या भांड्यांचं सांगायचं तर गुंतवणूक म्हणून ती चालत नाहीत. मोड घेणारा भांड्याच्या किमतीच्या बराच खाली भाव सांगतो. पण पुरात हंडा-घागरीत पाणी साठवता येतं, प्लास्टिकसारखी ती फुटत नाहीत, आणि वर्षानुवर्षं वापरून शेवटी काहीतरी हाती लागतंच. खरी वस्तूंची देवघेव अजून चालते ती बोहारणीकडे, तीही जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी अशी.

ठेवायचं कुठे, हा नदीकाठच्या माणसाला मोठा प्रश्न. बँकेचा लॉकर सुरक्षित वाटतो, पण जानेवारी २०२२ पासूनच्या लॉकर नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी असेल तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. पूर, भूकंप, वीज पडणं यांत बँक जबाबदार नाही. शाखा तळमजल्यावर आहे का हे लॉकर घेण्याआधी बघा. आम्ही नदीपासून दूर, उंचावरच्या शाखेत हलवलं. पावत्यांचे फोटो मुलीच्या मोबाइलमध्येही ठेवलेत. पावत्या का जपायच्या, तर १९९४ च्या आयकर सूचनेतली विवाहित स्त्रीला ५००, अविवाहितेला २५० आणि पुरुषाला १०० ग्रॅमची सवलत छाप्यात जप्त न करण्यापुरती आणि दागिन्यांपुरती आहे. नाणी-बिस्किटं त्यात येत नाहीत.

आता दर दिवाळीला एकच लहान वेढणं घ्यायचं ठरवलंय. चांदीची आहेत ती नाणी राहतील, आणि लगड बरा भाव मिळाला की विकून त्या पैशांत सौर दिवे आणि पाण्याची टाकी घेणार आहे.