घरच्या कार्यक्रमाला जेवणाआधी कालवं की कॅव्हिअर? कोल्हापुरात दोन्ही करून बघितल्यावर

गेल्या डिसेंबरात ताई-दाजी आठ दिवस राहायला आले होते तेव्हा मी पहिल्यांदा घरी शिंपल्यातली कालवं केली, आणि फेब्रुवारीत आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा कॅव्हिअर. दोन्ही वेळेला पुढचं जेवण ठरलेलंच होतं, मटण आणि तांबडा-पांढरा, त्यात बदल करायचा विषयच नव्हता, प्रश्न एवढाच की त्याच्या आधी पाहुण्यांपुढं नाजूक, बघून छान वाटेल असं काय ठेवायचं. तेव्हापासून ओळखीतल्या तीन-चार जणांनी विचारलंय की आमच्याकडं पण कार्यक्रम हाय, ह्यातलं काय करू, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. कालवं म्हणजे समुद्रकाठच्या कातळाला चिकटून वाढणारी शिंपल्यातली ऑयस्टर्स, आणि कॅव्हिअर म्हणजे स्टर्जन माशाची मिठात मुरवलेली अंडी, छोट्या डबीत मिळतात.

आधी आणायचं कुठून ते बघू, कारण कोल्हापुरात अर्धा निर्णय तिथंच होतो. मासे आपल्याकडं रोज घाट चढून येतात, पण शिंपल्यासकट कालवं मला मार्केटात मिळाली नाहीत, मिळाली ती सोललेली, स्वतःच्या पाण्यात ठेवलेली, वाट्यावर. ह्याला कारण आहे. कालवाचा खालचा शिंपला कातळाला सिमेंट लावल्यासारखा चिकटलेला असतो, कोकणात बायका ओहोटीला कातळावर बसून वरचं झाकण कोयतीनं उडवतात आणि गर तेवढा काढून घेतात, खालची वाटी दगडावरच राहते. आणि आपल्याला तर मांडणीसाठी नेमकी तीच वाटी पाहिजे असते. मग रत्नागिरीकडच्या एका ओळखीच्या माणसाला आठ दिवस आधी सांगून खाडीतली, सुट्या दगडांवर वाढलेली कालवं अख्खी काढून घेतली आणि ओल्या गोणपाटात बांधून आंबा घाटानं आणली. गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची नाहीत, मरतात. फ्रिजमध्ये ओल्या फडक्याखाली, खोलगट बाजू खाली करून ठेवायची, आणि करायच्या आधी एकेक टिचकी मारून बघायचं, तोंड उघडं आहे आणि टिचकीनं मिटत नाही ते टाकून द्यायचं. माझी अठ्ठावीसमधली तीन गेली.

अजून एक, जे मला आधी सुचलं नव्हतं. कातळ नीट उघडे पडतात ते अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, तेव्हा पाणी सगळ्यात लांब ओसरतं. पावसाळ्यात तर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा विषयच नाही. म्हणजे तुमच्या कार्यक्रमाची तारीख, समुद्राची ओहोटी आणि घरातले सोमवार-गुरुवार-शनिवार हे सगळं जुळवत बसावं लागतंय. कॅव्हिअरच्या डबीचं तसं काही नसतं, न उघडलेली डबी फ्रिजच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात तिच्यावरच्या तारखेपर्यंत निवांत राहते. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, दाणे फुटून पाणी सुटतं.

कॅव्हिअरची डबी मला कोल्हापुरात कुठं दिसली नाही. मुंबईत राहणाऱ्या मित्रानं थर्माकोलच्या बॉक्समध्ये जेल पॅक भरून महालक्ष्मी एक्सप्रेसनं येणाऱ्या त्याच्या भावाकडं दिली, रात्रभराचा प्रवास आणि सकाळी स्टेशनवर मी. घेताना डबीवरचा कोड तेवढा वाचायला शिका. १९९८ पासून सगळ्या स्टर्जन जातींचा व्यापार साइट्स ह्या आंतरराष्ट्रीय करारात येतो, त्यामुळं खऱ्या डबीवर एक कोड असतो, त्यातली पहिली तीन अक्षरं जात सांगतात, बीएई म्हणजे सायबेरियन, जीयूई म्हणजे ओसेट्रा, एचयूएस म्हणजे बेलुगा, आणि त्याच्यापुढं सी असेल तर मासा शेततळ्यात वाढवलेला, डब्ल्यू असेल तर नैसर्गिक पाण्यातला. आता बाजारात येतं ते बहुतेक पाळलेल्या माशांचंच, आणि त्यात चीनचा वाटा सगळ्यात मोठा आहे, त्यामुळं डबीवर रशिया दिसलं नाही म्हणून फसवलं असं समजू नका. पहिल्यांदा घेत असाल तर सायबेरियन पुरे, आणि मालोसोल लिहिलेलं घ्या, रशियनमध्ये त्याचा अर्थ कमी मिठाचं.

स्वस्तातली काळी बाटली मात्र नकोच, ती लम्पफिश नावाच्या दुसऱ्याच माशाची रंगवलेली अंडी असतात. मी ट्रायलला आणली होती, दहा मिनिटांत खालच्या चक्क्यावर काळा-निळा ओघळ आला, आईनं विचारलं शाई सांडली काय. त्यापेक्षा सामनची नारिंगी टपोरी अंडी बरी, जपानी लोक त्यांना इकुरा म्हणतात, पैसे कमी पडतात आणि ताटात दिसतातही सुंदर.

पैशाचं स्पष्ट सांगायचं तर कालवं कितीतरी स्वस्त पडतात. माझी दोन डझन कालवं, येण्याजाण्याचा खर्च धरूनसुद्धा, ३० ग्रॅमच्या डबीच्या पाव किमतीत बसली. नुसतं बजेट बघणार असाल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल, कालवं करा.

आणि कच्ची का द्यायची नाहीत तेही सांगतो, कारण नेटवरच्या सगळ्या फोटोंत ती बर्फावर कच्चीच असतात. कालव पाणी गाळून जगतं, त्या पाण्यात जे असेल ते त्याच्यात साठतं, आणि व्हिब्रिओसारखे जंतू वासावरून कळत नाहीत, लिंबू पिळल्यानं मरत पण नाहीत. आमच्या बाबांना शुगर आहे, मामांना लिव्हरचा त्रास, अशा माणसांना तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून आमच्याकडं कालवं आचेवरूनच जातात, आणि त्यात काही कमीपणा नाही, न्यू ऑर्लिन्सच्या आन्त्वान्स हॉटेलात १८९९ साली निघालेली ऑयस्टर्स रॉकफेलर ही भाजलेलीच डिश आहे आणि जगभर तिचं नाव आहे. कॅव्हिअर पण कच्चंच असतं, मिठात मुरवलेलं असतं एवढंच, तेव्हा घरात कोणी गरोदर असेल तर तिला तेही देऊ नका.

आता ज्या एका गोष्टीनं माझं ठरलं ती. कच.

तुम्ही व्हिडिओत बघितलं असेल, माणूस शिंपल्याच्या बिजागरीत आखूड सुरी घालतो, मनगट फिरवतो, टक्कन आवाज येतो आणि झाकण निघतं. ती वेगळी, पाळलेली, गुळगुळीत जात. आपल्या कोकणातल्या कालवाला बिजागरी शोधायलाच दोन मिनिटं जातात, शिंपला वेडावाकडा, कडा पापुद्र्यापापुद्र्याच्या, सुरी टेकवली की बिस्किटासारखा चुरा होतो, आणि तो चुरा सरळ आत गरावर पडतो. डाव्या हातात जाड टॉवेल, उजव्या हातात सुरी, मोरीजवळ उभा राहून मी पंचवीस कालवं उघडली, सव्वा तास गेला, आणि बाहेर दाजी दोनदा विचारून गेले की येतोस का बसायला. बरं, चुरा पडला तर धुऊन टाकू म्हणाल, तर तिथंच खरी अडचण आहे. शिंपल्यात जे खारं पाणी असतं तीच कालवाची चव, नळाखाली धरलं की कच जाते आणि तिच्याबरोबर समुद्रपण जातो, मागं राहतो तो एक मऊ बेचव गोळा. नाही धुतलं तर कच राहते. मी मधला मार्ग काढला, पाणी वाटीत ओतून मलमलच्या फडक्यानं गाळलं, गर बोटानं चाचपला, मिठाच्या पाण्यात एकदा बुडवला, परत शिंपल्यात ठेवून गाळलेलं पाणी वरून सोडलं. एकेका कालवाला एवढं. त्यावर लसूण-बटर, कोथिंबीर, थेंबभर कोकमाचं आगळ, खाली ट्रेमध्ये खडे मिठाचा थर म्हणजे शिंपले कलंडत नाहीत, आणि कडक तापलेल्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं, कडा मुरडेपर्यंत. दिसायला, खरं सांगतो, मी आजपर्यंत केलेल्या पदार्थांत सगळ्यात देखणं.

आणि पहिलंच कालव दाजींनी तोंडात घातलं आणि करकन आवाज आला. सगळ्यांना ऐकू आला. दाजी चांगला माणूस, काही बोलले नाहीत, पेपर नॅपकिन तोंडाला लावला, छान झालंय म्हणाले आणि दुसरं घेतलं नाही. त्यानंतर टेबलावरचा प्रत्येक जण जपून, अर्धं चावून, थांबून खात होता. चव आवडली होती हे मला दिसत होतं, पण माणूस जपून खायला लागला की त्या पदार्थाची मजा गेली. मला ते फार लागलं. दाताचं काम झालेल्या वयस्कर माणसांपुढं तर मी परत ठेवणार नाही.

नंतर एकदा आधी वाफवून बघितलं, चार-पाच मिनिटं वाफ दिली की शिंपला आपोआप जरासा उघडतो, सुरी सहज जाते, कच निम्म्यानं कमी होते हे मान्य. पण पाणी भांड्यात सांडतं, ते गाळून परत घालावं लागतं, गर आकसतो, आणि निम्मी कच म्हणजे पण कचच. तुमचा हात बसलेला असेल, किंवा मालवण-वेंगुर्ल्याकडचं कोणी घरात असेल तर तुम्हाला हे जमेल, मी माझ्या हाताबद्दल बोलतोय.

ह्याच्या उलट फेब्रुवारीतली संध्याकाळ. ब्लिनी म्हणून रशियन लोक छोटी धिरडी करतात त्यावर कॅव्हिअर देतात, मी आपल्या आंबोळीच्याच पिठाच्या, मोठ्या नाण्याएवढ्या आंबोळ्या बिडाच्या तव्यावर दुपारीच काढून ठेवल्या. त्याच्याबरोबर क्रेम फ्रेश म्हणजे आंबवलेली घट्ट साय लावतात, ती शोधत फिरू नका, घट्ट चक्का घ्या, फार आंबट नको, त्यात दोन चमचे घोटलेली साय घाला, आपल्या इथल्या म्हशीच्या दुधाचा चक्का त्या कामाला कुठंही कमी पडत नाही. आंबोळी कोमट, चक्का गार, वर अर्धा चमचा कॅव्हिअर. कांदा, लिंबू, मिरपूड काही नको. ३० ग्रॅमच्या डबीत अशा दहा-अकरा होतात, म्हणजे पाच माणसांना दोन-दोन. आम्ही दहा जण होतो म्हणून एकेक कॅव्हिअरची आणि एकेक सामनच्या अंड्यांची केली, आणि ते चांगलंच झालं, काळं आणि नारिंगी शेजारी शेजारी.

आईनं हुपरीचे चांदीचे चमचे कौतुकानं काढून ठेवले होते, ते परत कपाटात ठेवायला लागले, चांदीनं कॅव्हिअरला धातूची चव येते. शिंपल्याचा चमचा पाहिजे म्हणतात, मी लाकडी वापरला, काही अडलं नाही. डबी उघडली ती पाहुणे आल्यावर, सगळ्यांसमोर, बर्फाच्या वाटीत ठेवून, आणि लावायला पाच मिनिटं. मी त्या दिवशी सगळ्यांच्या बरोबर बसलो होतो. बाबांना सांगितलं चावू नका, जिभेनं टाळूला दाबा, त्यांनी दाबलं, दाणे फुटले, आणि ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले गाभोळीसारखं हाय पण लोण्यातलं. मला ह्याच्यापेक्षा चांगलं वर्णन अजून जमलेलं नाही.

कॅव्हिअरचे तोटे लपवत नाही. ते संपतं फार लवकर, आपल्याकडं माणसाला दुसऱ्यांदा घे म्हणायची सवय असते आणि तिथं दुसऱ्यांदा द्यायला काही नसतं, मनाला जरा कसंतरी होतं. उघडलेली डबी दोन दिवसांत संपवावी लागते. आणि लगेच तांबडा रस्सा आला की त्याची चव तोंडात राहत नाही, म्हणून मधे अर्धा तास जाऊ द्या आणि आधी पांढरा द्या. घरात पंधरा-वीस माणसं येणार असतील तर कॅव्हिअर खिशाला झेपणार नाही, तिथं नुसती सामनची अंडी बघा, नाहीतर धीर असेल तर वाफवलेली कालवं. आठ-दहा जण असतील, त्यात म्हातारी माणसं असतील आणि तुम्हाला स्वतःला पण चार घटका बसायचं असेल तर मी डबीच म्हणेन, महिनाभर पैसे बाजूला टाकून.

दाजी परत मार्चअखेर येणार आहेत, ह्या वेळी मित्राला दोन डब्या सांगून ठेवल्यात. कालवं पण येणार आहेत, आई त्यांचं सुकं करणार आहे, पण ती वाट्यावरची, सोललेली, आणि आईनं स्वतः चार पाण्यांतून बोटानं चाचपून घेतलेली.